घरातली धूळ आणि प्लॅस्टिकमधून झिरपणारी रसायनं

प्लॅस्टिकच्या धोक्याविषयी आपण बोलतो ते बहुतेक घराबाहेरच्या प्लॅस्टिकविषयी. तुंबलेले नाले, गाईंच्या पोटात सापडणाऱ्या पिशव्या, किनाऱ्यावर साचणारा कचरा. २०१८ साली महाराष्ट्राने बंदी आणली तीही याच डोळ्यांना दिसणाऱ्या प्लॅस्टिकवर. घरात मात्र प्लॅस्टिक वस्तू होऊन राहतं. सोफ्याचं रेक्झिन, जेवणाच्या टेबलावरची पारदर्शक शीट, फरशीवर अंथरलेलं विनायल, टीव्हीचं आवरण, चार्जरच्या वायरी, बाळाची फोमची मॅट. या वस्तू वर्षानुवर्षं वापरात राहतात आणि त्या काळात त्यांच्यातली काही रसायनं हळूहळू बाहेर येऊन घरातल्या धुळीत मुरतात. धूळ ही या रसायनांची घरातली साठवण आहे, आणि सामान्य कुटुंबाला जिथे खरोखर हात घालता येईल अशी जागाही तीच आहे. घरातलं सगळं प्लॅस्टिक फेकून देणं शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. धूळ कशी काढायची, हात केव्हा धुवायचे आणि पुढची वस्तू कोणती घ्यायची, एवढ्याकडे नीट लक्ष दिलं तरी बरंच साधतं.

हे घडतं कसं ते आधी पाहू, म्हणजे उपायांमागचं कारण कळेल. पीव्हीसी हे मुळात कडक प्लॅस्टिक. पाण्याचा पाइप त्याचाच असतो. त्याचंच मऊ, गुंडाळता येईल असं रेक्झिन किंवा विनायल करायचं तर त्यात मऊपणा आणणारी रसायनं मिसळावी लागतात. थॅलेट्स हा त्यांतला सर्वांत मोठा गट, आणि डीईएचपी हे त्या गटातलं अनेक दशकं सर्रास वापरलं गेलेलं रसायन. मऊ पीव्हीसीच्या वजनात अशा रसायनांचा वाटा तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असू शकतो. ती प्लॅस्टिकच्या रेणूंशी घट्ट बांधलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. पुरीतलं तेल खाली ठेवलेल्या कागदावर उतरतं तशी ती वस्तूतून उतरत राहतात. आग लवकर पकडू नये म्हणून फोममध्ये आणि विद्युत उपकरणांच्या आवरणात घातल्या जाणाऱ्या ज्वलनरोधक रसायनांपैकी पुष्कळांचं असंच आहे. ही रसायनं पेट्रोलसारखी उडून जात नाहीत आणि वस्तूत कायमची टिकूनही राहत नाहीत. थोडी हवेत येतात आणि मिळेल त्या पृष्ठभागावर बसतात: खिडकीच्या काचेवर, कपड्यांवर, कातडीवर आणि अर्थातच धुळीवर. उघड्यावर ऊन आणि पाऊस त्यांचं विघटन करतात, धुऊन नेतात. घरात दोन्ही नसल्यामुळे ती खूप टिकतात. उष्णतेचा परिणाम तर फारच मोठा. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१२ साली विनायलच्या फरशीवर केलेल्या प्रयोगात तापमान २३ अंशांवरून ३५ अंशांवर नेल्यावर हवेतल्या डीईएचपीचं प्रमाण दहापटीच्या आसपास वाढलं. २३ अंश ही तिकडची घरातली नेहमीची उष्णता. ३५ अंश म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यातली साधी दुपार.

धुळीत हे सगळं खरंच सापडतं का, यावर आता शंका उरलेली नाही. अमेरिकेतल्या सायलेंट स्प्रिंग इन्स्टिट्यूटने केप कॉड भागातल्या १२० घरांची तपासणी करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करू शकतील अशी ८९ रसायनं शोधायला घेतली होती. त्यांतली ६६ धुळीत मिळाली, आणि हवेत मिळालेल्या रसायनांची संख्या याहून कमी होती. पुढे २०१६ साली अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा घातक समजली जाणारी दहा रसायनं धुळीच्या दर शंभरातल्या नव्वद किंवा त्याहून जास्त नमुन्यांत आढळली. थॅलेट्सचं प्रमाण त्यांत सर्वांत जास्त होतं. हे आकडे आपल्या घरांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तिकडच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो आणि थंडीमुळे खिडक्या महिनोन् महिने बंद राहतात. आपल्याकडे शहाबादी, मोझॅक किंवा टाइल्सची फरशी असते, ती बहुतेक घरांत रोज पुसली जाते आणि चपला दाराशी काढल्या जातात. पण वस्तू मात्र आता दोन्हीकडे सारख्याच आहेत, आणि रसायनं येतात ती वस्तूंमधून.

आरोग्याचा प्रश्न जास्त जपून मांडायला हवा. स्वीडनच्या वर्मलांड प्रांतात सुमारे चारशे मुलांच्या खोल्यांतली धूळ तपासली गेली. २००४ साली आलेल्या त्या अभ्यासात एका थॅलेटचं प्रमाण जास्त असलेल्या खोल्यांतल्या मुलांना सर्दी-शिंकांची ॲलर्जी आणि इसब जास्त दिसलं, तर डीईएचपीचा संबंध दम्याशी आढळला. त्याच प्रांतात नंतर तान्ह्या बाळांची लघवी तपासली, तेव्हा झोपायच्या खोलीत पीव्हीसीची फरशी असलेल्या बाळांच्या शरीरात त्यातल्या एका थॅलेटचे अंश जास्त मिळाले. म्हणजे फरशीतलं रसायन बाळाच्या अंगात पोहोचतं, एवढं नक्की. दमा त्यानेच झाला असं मात्र अशा अभ्यासावरून सिद्ध होत नाही. घरातली ओल, आईवडिलांची ॲलर्जी, धूम्रपान अशी इतर कारणंही असू शकतात, आणि संशोधक ती हिशेबात घेत असले तरी काही ना काही निसटतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत थॅलेट्सचा नर पिल्लांच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होतो हे पक्कं ठाऊक आहे. माणसांबद्दलचा पुरावा त्या दिशेने जाणारा आहे, पण तितका भक्कम नाही. माझ्या मते एवढा पुरावा खर्चिक किंवा घाबरवणाऱ्या उपायांसाठी अपुरा आहे, आणि फडकं, पाणी व साबण एवढ्यावर भागणाऱ्या उपायांसाठी पुरेसा आहे.

धोका सर्वांना सारखा नाही. रांगणारं बाळ जमिनीजवळच्या हवेत श्वास घेतं, हाताने फरशी चाचपतं आणि तोच हात तोंडात घालतं. मोठ्या माणसापेक्षा त्याच्या पोटात धूळ जास्त जाते आणि वजन मात्र पाच-सहा पटींनी कमी असतं. त्याच काळात मेंदूची आणि प्रजननसंस्थेची घडण चालू असते. म्हणून घरात गर्भवती असेल किंवा सहा महिने ते तीन वर्षांचं मूल असेल तर पुढचं सगळं मनावर घ्यायचं. इतरांनी जमेल तितकं केलं तरी चालेल. अमेरिकेत पाळीव मांजरांच्या रक्तात पीबीडीई या ज्वलनरोधक रसायनांचं प्रमाण तिथल्या माणसांच्या वीस ते शंभर पट मिळालं होतं. मांजर अंगावर बसलेली धूळ दिवसभर चाटत असते. हा २००७ सालचा अभ्यास अवघ्या २३ मांजरांचा होता, पण धूळ तोंडावाटे गेली तर काय होतं हे त्यातून स्पष्ट दिसतं.

इथे एक आक्षेप हमखास येतो: प्रमाण इतकं सूक्ष्म असतं, मग एवढा बाऊ कशाला? आक्षेपात तथ्य आहे. भीती फुगवली जाते, याचं ताजं उदाहरण २०२४ सालचं. स्वयंपाकघरातल्या काळ्या प्लॅस्टिकच्या चमच्या-उलथन्यांत ज्वलनरोधक रसायनं असतात आणि त्यातून शरीरात जाणारं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या जवळ पोहोचतं, असं सांगणारा अभ्यास जगभर गाजला. पुढे त्यात गुणाकाराची चूक निघाली. साठ किलो वजनाच्या माणसाला रोजची मर्यादा ४,२०,००० नॅनोग्रॅम यायला हवी होती, ती ४२,००० धरली गेली होती. म्हणजे धोका दहापट मोठा दिसला. चूक जाहीरपणे दुरुस्त झाली, तोवर अनेकांनी उलथनी फेकून दिली होती. तरीही मूळ प्रश्न संपला नाही. जुन्या टीव्ही-संगणकांच्या आवरणातलं प्लॅस्टिक पुनर्वापरात येऊन जिथे त्या रसायनांची गरजच नाही अशा वस्तूंत शिरतं, हे निरीक्षण खरंच होतं. शिवाय सुरक्षित मर्यादा एकेका रसायनाची ठरवलेली असते आणि धुळीत ती एकत्र असतात. थॅलेट्सपैकी अनेकांचं शरीरातलं काम एकाच प्रकारचं असल्यामुळे त्यांची बेरीज धरणं जास्त योग्य ठरतं. प्रमाण सूक्ष्म आहे म्हणून निर्धास्त राहायचं की ते रोजचं आहे म्हणून काळजी घ्यायची, हे ठरवताना उपायाची किंमतही पाहायला हवी, आणि इथे ती फार कमी आहे.

दुसरा आक्षेप असा की ही रसायनं मुख्यतः अन्नातून जातात, मग धुळीच्या मागे का लागायचं? डीईएचपीपुरतं हे बरोबर आहे, मोठ्या माणसांच्या बाबतीत अन्न हाच त्याचा मोठा मार्ग. पातळ पिशवीत गरम चहा किंवा आमटीचं पार्सल आणणं बंद करणं म्हणूनच धुळीइतकंच महत्त्वाचं. पण पीबीडीईच्या बाबतीत चित्र उलटं आहे. अमेरिकन लोकांच्या शरीरात जाणाऱ्या पीबीडीईपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास धुळीतून, म्हणजे ती पोटात जाऊन किंवा कातडीला लागून जातं, असा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञाचा २००८ सालचा हिशेब आहे. आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. थॅलेट्स शरीरातून काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. आज संपर्क कमी केला तर फायदा याच आठवड्यात मिळतो. पीबीडीई चरबीत साठतात आणि वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे तिथे आधीपासून जपणं जास्त मोलाचं.

आता प्रत्यक्ष सफाई. आपल्याकडची सर्वांत मोठी चूक म्हणजे पंखा चालू ठेवून कोरडा झाडू मारणं. बारीक धूळ उडते, तासभर हवेत तरंगते आणि पुन्हा खाली बसते. जड केर सुपलीत येतो, पण ज्यात रसायनं जास्त मुरलेली असतात तो बारीक भाग घरातच राहतो. म्हणून पंखा बंद करून, खिडक्या उघडून, झाडू जमिनीला टेकवूनच हळू ओढायचा आणि लगेच ओल्या फडक्याने फरशी पुसायची. बादलीतलं पाणी गढूळ झालं की बदलायचं, नाहीतर एका खोलीतली धूळ दुसऱ्या खोलीत पसरते. रांगतं बाळ असेल तर त्याला खाली सोडायच्या आधी पुसणं झालेलं असावं. फिनेल किंवा सुगंधी द्रावणांची यासाठी गरज नाही. सुगंधांतही एक थॅलेट वापरलं जातं, त्यामुळे वास जितका कमी तितकं बरं. साधं पाणी, हवं तर थोडा साबण, एवढ्यावर काम होतं. फडकं जुन्या सुती साडीचं किंवा चादरीचं उत्तम.

फरशी रोज पुसली जाते, पण साठा असतो तो दुसरीकडे. टीव्हीच्या मागे, राउटर आणि वायरींच्या गुंत्यात, पलंगाखाली, सोफ्याच्या बैठकीच्या फटीत, कपाटाच्या माथ्यावर, पंख्याच्या पात्यांवर, एसीच्या जाळीवर. उपकरणं चालू असताना गरम होतात आणि तिथेच धूळ ओढली जाते, म्हणून त्यांच्यामागची धूळ सर्वांत आधी काढण्यासारखी. प्लग काढून, पिळलेल्या ओलसर फडक्याने, आठवड्यातून एकदा. पंख्याचं पातं जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून पुसून काढलं की धूळ अंगावर आणि गादीवर न पडता अभ्र्यात राहते. सफाई नेहमी वरून खाली. व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा असेल तर हेपा फिल्टर असलेलाच घ्यावा, कारण साध्या यंत्रातून बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा हवेत येते. त्याची पिशवी घरात झटकू नये. हवा शुद्ध करणारं यंत्र तरंगते कण पकडतं, पण त्यातल्या नेहमीच्या फिल्टरमधून वायुरूपातली रसायनं निसटतात आणि सोफ्याखाली बसलेली धूळ तर त्याच्यापर्यंत जातच नाही. घरात झाडं ठेवल्याने हवा शुद्ध होते ही समजूत नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगातून पसरली. तो प्रयोग बंदिस्त पेट्यांतला होता, राहत्या घराला तो लागू पडत नाही.

खिडक्या उघडायला सांगितल्यावर पुणे-मुंबईचा वाचक विचारेल की बाहेरची धूळ आणि धूर आत घ्यायचा का? प्रश्न रास्त आहे. रस्त्यावरची वर्दळ कमी असते त्या वेळेत, साधारणपणे दुपारी, थोडा वेळ समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. हिवाळ्यातल्या सकाळी शहरात धुरकं असताना त्या बंद ठेवाव्यात. घरात सतत राहणाऱ्या रसायनांचा स्रोत घरातच असल्यामुळे थोडी हवा खेळती राहणं गरजेचं आहे. बाहेरून आलेली माती दिसते, जाणवते आणि पुसली जाते. पश्चिमेच्या उन्हात तापणारी रेक्झिनची खुर्ची किंवा टेबलावरची शीट मात्र तिथून हलवावी. पडदा ओढला तरी फरक पडतो.

हात धुण्याविषयी पुरावा विशेष चांगला आहे. बोस्टनमधल्या कार्यालयांत काम करणाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात दिवसातून चार किंवा अधिक वेळा हात धुणाऱ्यांच्या हातांवर पीबीडीई कमी मिळालं. न्यूयॉर्कमध्ये ३२ स्त्रियांना जास्त वेळा हात धुवायला आणि घर जास्त काळजीने साफ करायला सांगितलं, तर आठवड्याभरातच त्यांच्या हातांवरचं ज्वलनरोधक रसायनांचं प्रमाण घटलं. जेवणाआधी हात धुण्याचा आपला रिवाज म्हणजे आयता मिळालेला लाभ. तो निसटतो फरसाणाच्या वेळी, टीव्हीसमोर शेंगदाणे खाताना, लॅपटॉपवर बोटं चालवता चालवता बिस्किट उचलताना. सॅनिटायझरने जंतू मरतात, धूळ जात नाही, ती हातावरच पसरते. साबण आणि पाणीच हवं. बाळाचे हात खाण्याआधी आणि झोपण्याआधी धुवावेत, आणि जमिनीवर पडलेला खाऊ उचलून त्याला देऊ नये.

नवी खरेदी ही सावकाश होणारी गोष्ट. चांगली चालणारी वस्तू केवळ या भीतीने मोडीत काढू नये. पण फाटलेला, भुगा गळणारा फोमचा सोफा आणि चिकट किंवा ठिसूळ झालेलं रेक्झिन ही आधी बदलायच्या यादीत घ्यावीत. तोवर फाटलेली जागा शिवून घ्यावी आणि वर जाड सुती कापड घालावं. बाळाच्या खोलीत विनायल अंथरू नये, सतरंजी किंवा गोधडी धुता येते. कापसाची गादी आणि स्टील, लाकूड, काच हे जुने पर्याय इथे खरोखर सरस आहेत. नवीन रेक्झिन किंवा मॅटचा उग्र वास येत असेल तर ती काही दिवस गच्चीत सावलीत पसरून ठेवावी. वास गेला म्हणजे थॅलेट्स गेले असं मात्र नाही, कारण त्यांना जवळजवळ वासच नसतो. खेळण्यांवर आयएसआयचं चिन्ह बघून घ्यावं. २०२१ पासून ते बंधनकारक आहे आणि खेळण्यांच्या भारतीय मानकांत थॅलेट्सचाही समावेश आहे. जत्रेत मिळणारी, तीव्र वासाची मऊ खेळणी तोंडात घालणाऱ्या मुलाला देऊ नयेत. जुनं प्लॅस्टिक किंवा झाडलेला केर जाळू नये. पीव्हीसी जाळल्यावर निघणारी विषं मूळ रसायनांपेक्षा कितीतरी भयंकर असतात.

ज्वलनरोधकं काढली तर आगी वाढतील, असाही एक युक्तिवाद केला जातो. कॅलिफोर्नियाने १९७५ साली सोफ्याच्या फोमला उघड्या ज्योतीची परीक्षा सक्तीची केली आणि ती पार करण्यासाठी उत्पादक फोममध्ये ही रसायनं भरू लागले. पण घरात आधी पेटतं ते वरचं कापड, आणि ते भडकल्यावर आतला फोम फार काळ तग धरत नाही. २०१३ साली कॅलिफोर्नियानेच नियम बदलला. सिगारेटसारख्या धुमसत्या आगीची परीक्षा वरच्या कापडाला लागू झाली आणि रसायनांची गरज उरली नाही. वापर बंद केल्याने काय होऊ शकतं ते स्वीडनमध्ये दिसलं. तिथल्या मातांच्या दुधातलं पीबीडीई १९७२ ते १९९७ या काळात दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलं होतं, वापर थांबल्यावर ते उतरू लागलं. भारतानेही २०२० साली स्टॉकहोम करारातल्या सात रसायनांवरच्या बंदीला मान्यता दिली, त्यांत पीबीडीईचे काही प्रकार आहेत. तरी एक रसायन गेलं की त्याच्या जागी त्याचंच भावंड येतं: पीबीडीईच्या जागी फॉस्फरसयुक्त ज्वलनरोधकं, डीईएचपीच्या जागी दुसरं थॅलेट. सोफ्याच्या रेक्झिनमध्ये नेमकं काय आहे हे दुकानात ग्राहकाला वाचता येत नाही. ते छापील स्वरूपात मिळायला हवं, ही मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे. तोवर सफाई हाच उपाय उरतो. पण घर पुसणाऱ्या बाईवर, मग ती घरातली असो की कामाला येणारी, या सगळ्याचा भार टाकून मोकळं होणं अन्यायाचं आहे. धूळ सर्वांत जास्त तिच्याच नाकातोंडात जाते. तिला चांगला मास्क द्यावा, कोरडं झटकण्याचं काम सांगू नये, आणि जड पलंग-सोफा हलवायला घरातल्या बाकीच्यांनी उठावं.

पाळणाघर आणि बालवाडीकडेही बघायला हवं, कारण मूल जागेपणीचे बरेच तास तिथे असतं. फोमच्या मॅट, रेक्झिनच्या गाद्या आणि प्लॅस्टिकची खेळणी तिथे घरापेक्षा जास्त असतात. पालकांनी मिळून तीन गोष्टी विचाराव्यात: मुलं यायच्या आधी फरशी आणि मॅट ओल्या फडक्याने पुसतात का, खाऊच्या आधी साबणाने हात धुतले जातात का, आणि फाटलेल्या गाद्या-मॅट बदलतात का. यांतलं काहीही महाग नाही. पालकांनी वर्गणी काढून सुती खोळी शिवून दिल्या, तर बहुतेक पाळणाघरं त्या आनंदाने वापरतील आणि दर शनिवारी धुवायला घरीही पाठवतील.